फोटोसाठी घासलेला जोड

इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत मी एकच गोष्ट मन लावून केली, आणि तीच अंगाशी आली. बाकी सगळं आमच्याकडं जसं करतात तसंच केलं. जर्नलं मागच्या वर्षीच्या मुलींची बघून उतरवली, ड्रॉइंगची शीट काचेखाली बल्ब लावून छापली, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात झेरॉक्सच्या दुकानातनं नोट्स आणल्या आणि पास झाले. त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. सरांनाही माहीत होतं. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट मात्र बाकीच्यांसारखा दुकानातनं तयार आणायचा नाही, खरा करायचा, असं माझ्या मनानं घेतलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

प्रोजेक्टमधली माझी जोडीदार शहरातल्या शहागंजकडची. चार वर्षं आम्ही एकाच बाकावर बसलो, एकमेकींचे डबे खाल्ले. तिच्या मामूंची चिकलठाण्याला एमआयडीसीत एक शेड होती. तीन पॉवर प्रेस, त्यांच्यावर दिवसभर पत्र्याचे छोटे छोटे भाग ठोकायचे. ती म्हणाली, "मामूंना काहीतरी बनवून देऊ. तेवढंच त्यांचंही काम होईल." आम्ही गेलो. मामूंनी समोसे मागवले आणि म्हणाले, "हौ बेटा, देखो, जो चाहिए देखो. काम तो हमारा भौत है."

आम्ही बघितलं ते डाय बदलणं. ज्या साच्यात पत्रा ठोकला जातो तो लोखंडी साचा म्हणजे डाय. लहानातली लहान ऐंशी किलोची, मोठी तीनशेची. एक काम संपलं की ती प्रेसमधनं काढायची, दुसरी बसवायची. हे काम तीन माणसं पहारी आणि लाकडी ठोकळे घेऊन करत होती. डाय पहारीवर तोलली की शेडमध्ये कुणी बोलायचं नाही. मघापर्यंत एकमेकांची टिंगल करणारी माणसं एकदम गप्प झालेली बघून मी दोन पावलं मागं सरकले. तिघांतले सगळ्यात वयस्कर होते ते मिस्त्री. वेल्डिंग तेच करायचे, डाय तेच बदलायचे, प्रेस बिघडली तर खाली तेच शिरायचे. त्यांच्या डाव्या हाताचं एक बोट पेरापाशी संपलेलं होतं. मी बघतेय हे त्यांना कळलं. "ते जुनं हाय," म्हणाले. "दुसऱ्या कंपनीतलं."

मी विचारलं, कुठले तुम्ही? तर फुलंब्रीच्या पलीकडच्या गावाचे निघाले. मी फुलंब्रीची. रोज त्याच एसटीनं येत होतो आणि ओळख नव्हती. त्या दिवसापासनं ते माझ्यासाठी जागा धरायला लागले. त्यांच्या गावाला गाडी आधी यायची, ते शेजारच्या सीटवर डब्याची पिशवी ठेवायचे, आणि कुणी बसायला लागलं की म्हणायचे, "ताई येत्यात पुढं. इंजनेर हाएत." मला लाज वाटायची. आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटायचं.

आम्ही डाय उचलायची ट्रॉली करायची ठरवली. खाली चार चाकं, मधे उभा खांब, खांबावर वर-खाली सरकणारी एक पट्टी, आणि त्या पट्टीला पुढं आलेले दोन लोखंडी हात. हातांवर डाय ठेवायची, हँडल फिरवून वर घ्यायची, प्रेससमोर ढकलत न्यायची. एका माणसाचं काम. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बाहेर चपला काढून आम्ही दोन महिने ते मॉडेल केलं. जोडीदार कंटाळून मोबाइल बघत बसायची, मी मात्र हटले नाही. प्रत्येक बोल्ट स्क्रीनवर काढला. मग त्याच्यावर वजन टाकून बघायचं. सॉफ्टवेअरमध्ये तीनशे किलो टाकले, बटण दाबलं, तर ट्रॉली वरपासनं खालपर्यंत हिरवी. हिरवं म्हणजे सुरक्षित. साडेतीन पट वजन टाकलं तरी मोडणार नाही, असा आकडा आला. मी लॅबमध्ये टाळ्या वाजवल्या. लॅब असिस्टंट म्हणाले, "ए बाई, हळू."

आमचे गाइड सर वाईट नव्हते, फक्त दमलेले होते. एकवीस प्रोजेक्ट त्यांच्या गळ्यात. त्यांनी अहवाल चाळला आणि त्यांचा एकुलता एक नियम सांगितला: "डाव्या पानावर स्क्रीनवरचं चित्र, उजव्या पानावर बनवलेल्या वस्तूचा फोटो. दोन्ही सारखं दिसलं पाहिजे. बाहेरचे परीक्षक तेवढंच बघतात." मी ते वहीत लिहून घेतलं.

ट्रॉली बनत होती तेव्हा एकदा मिस्त्रींचा फोन आला. आमचा करिअर तयारीचा तास चालू होता. शहरातनं एक बाई यायच्या, हात कसा मिळवायचा, खुर्चीत कसं बसायचं, "स्वतःबद्दल सांगा" म्हटल्यावर आईबापाचं नाव न सांगता काय सांगायचं, हे शिकवायच्या. मी बाहेर जाऊन फोन घेतला. मिस्त्री म्हणाले, "ताई, कागदावर वेल्डिंग लिहिलेलं नाय. किती मारू?" मी ड्रॉइंग आठवून बघितलं. खरंच नव्हतं. मॉडेलमध्ये वेल्ड कुणी काढत नाही, दोन तुकडे एकमेकांना टेकवले की झालं. मी म्हणाले, "जेवढं लागतं तेवढं मारा काका." ते म्हणाले, "बरं." आणि त्यांनी जेवढं लागतं तेवढंच मारलं होतं, हे मला मुद्दाम सांगायचंय. त्या माणसानं काम चोख केलं होतं.

फोटो काढायला गेलो तर ट्रॉली तयार. फक्त रंग बाकी. दोन्ही हात जिथं पट्टीला जुळतात तिथं मिस्त्रींनी चारी बाजूंनी वेल्डिंगची जाड धार भरली होती, करंजीच्या मुरडीसारखी. मी मोबाइलमध्ये बघितलं. स्क्रीनवरच्या आमच्या ट्रॉलीत तिथं सरळ, स्वच्छ कोपरा होता. इथं हे ओबडधोबड. डावं पान आणि उजवं पान सारखं दिसत नव्हतं.

"काका, हे घासून सपाट करता येईल का?"

"येतंय की." त्यांनी ग्राइंडर उचलला नाही. "पर ताई, दिसायला कसं का असंना, जोर त्याच्यातच असतो."

जोडीदार म्हणाली, "राहू दे ना गं. काय होतंय?"

"अगं, परीक्षक तेवढंच बघतात. फोटोपुरतं समोरनं घासू." मग मी मिस्त्रींकडं वळले. ते वाक्य मला आजही शब्दन् शब्द ऐकू येतं. "कॉम्प्युटरमध्ये साडेतीन पट बसतंय काका. काही होत नाही."

"तुम्ही शिकलेली माणसं," ते म्हणाले, आणि त्यांनी ग्राइंडर लावला.

समोरची बाजू सपाट झाली, तर शेजारची भोंगळ दिसायला लागली. मग तीही घासली, पलीकडचीही. मग दुसऱ्या हाताची. खालची तेवढी राहिली, कारण ती फोटोत येत नव्हती. त्याच्यावर पिवळा रंग मारला, वाळल्यावर मी सगळ्या बाजूंनी फोटो काढले. इतके सुंदर आले की सरांनी ते बाकीच्या ग्रुपना नमुना म्हणून दाखवले. मी घरी आईला दाखवले. आई म्हणाली, "ही तू केलीस? लोखंडाची?" मी म्हणाले, "मग काय!"

बायोडेटात एक ओळ वाढली: उद्योगात प्रत्यक्ष वापरात असलेली डाय ट्रॉली. करिअर तयारीच्या बाईंनी ती मला सगळ्या वर्गासमोर उभी करून वाचायला लावली. "बघा, अशी एक ओळ असली की बाकीचं कुणी विचारत नाही," त्या म्हणाल्या. वासरांत लंगडी गाय शहाणी, दुसरं काय. पण मी तेव्हा ताठ मानेनं चालत होते. बसमध्ये मिस्त्री सांगायचे, "ताई, पाठ वाचली बघा माझी. पहिले तीन माणसं लागायची, आता मी एकटाच डाय बदलतो. शेठनं बाकीच्या दोघांना पॅकिंगला घातलं." मी म्हणायचे, वा.

संक्रांतीच्या पुढच्या आठवड्यात पुण्याची एक कंपनी मुलाखतींना आली. जोडीदार बसली नाही, ती स्पर्धा परीक्षा देणार होती. मी आईची मोत्याची कुडी घालून गेले. आत तिघं होते. दोघं तरुण, ते हसून बोलत होते. तिसरे वयस्कर, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हातात माझा अहवाल. ते त्याची पानं उलटत राहिले. मग त्यांनी उजव्या पानावरच्या फोटोवर बोट ठेवलं.

"हा जोड कसा केलाय?"

"वेल्डिंग, सर."

"वेल्ड दिसत नाही."

"फिनिशिंग केलंय, सर."

"फिनिशिंग म्हणजे घासलंय?"

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. कुणी वेळ विचारावी तसं विचारलं. मी म्हणाले, "नाही सर. पूर्ण वेल्ड आहे, चारी बाजूंनी. वरनं फक्त लेव्हल केलंय."

"अनॅलिसिसमध्ये हे दोन तुकडे एकच धरलेत का?"

मला उत्तर येत नव्हतं. मी म्हणाले, "हो, सर."

"तुम्ही वेगळं सांगेपर्यंत सॉफ्टवेअर तसंच धरतं. टेकलेलं म्हणजे जोडलेलं." त्यांनी फोटो आणखी जवळ धरला. "आणि हे वापरात आहे म्हणता?"

"हो सर. रोज."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. मला वाटलं, गेलं. पण संध्याकाळी यादी लागली त्यात माझं नाव होतं. एका मुलीनं मला उचलूनच घेतलं. पप्पांनी त्यांच्या पतसंस्थेत सगळ्या टेबलांवर पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींना पेढा दिला. त्यांनी अर्धा खाल्ला, अर्धा कागदात बांधून घरी नेला.

त्याच दिवशी मी लॅबमध्ये गेले आणि ती फाइल उघडली. कुणी सांगितलं नव्हतं. ते टोपण लावलेलं पेन डोळ्यांपुढनं जात नव्हतं. दोन तुकडे वेगळे केले, आणि फक्त खालची एक बाजू जोडली, जी न घासलेली होती. तीनशे किलो टाकले. बटण दाबलं. जिथं हात पट्टीला जुळतात तिथं लाल. दोनशे टाकले, लाल. दीडशे, तरी लाल. शंभरावर आले तेव्हा कुठं पिवळं झालं. शेजारच्या कॉम्प्युटरवर कुणीतरी गाणी लावली होती आणि ती मुलं हसत होती. मी फाइल बंद केली. सेव्ह केली नाही.

जोडीदाराला सांगितलं. कॅन्टीनमागच्या पायऱ्यांवर बसलो होतो. ती उठूनच उभी राहिली. "आत्ताच्या आत्ता मामूंना फोन लाव. परत वेल्ड मारायला अर्धा तास लागतो!"

अर्धा तास. तेवढंच काम होतं, हे मलाही माहीत होतं. पण मी काय सांगणार होते? घासायला मीच लावलं, हे सांगावं लागलं असतं. मामू सरांना बोलले असते, सरांनी अहवाल परत मागवला असता. मुलाखतीत मी तोंडावर खोटं बोलले होते, आणि जॉइनिंग लेटर अजून आलेलं नव्हतं. आमच्या घराण्यात पुण्याच्या कंपनीत जाणारी मी पहिली मुलगी. माझ्या डोक्यात हे सगळं एका क्षणात फिरून गेलं आणि मी म्हणाले, "मी लावते फोन. घरी जाऊन निवांत बोलते."

दोन दिवसांनी तिनं विचारलं, "मामूंना सांगितलंस? वेल्ड मारून घेतलं त्यांनी?"

"घेतलं," मी म्हणाले.

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? चार वर्षं एका ताटात जेवलो होतो.

त्यानंतरचे अडीच महिने मी रोज त्या माणसाच्या शेजारी बसून शहरात आले. सकाळी साडेसातची गाडी, खिडकी त्यांची, कडेची सीट माझी. मी रोज विचारायचे, "काका, आज कोणती डाय?" ते सांगायचे. आज लहानीच हाय. आज ब्रॅकेटची, शंभराची. त्यांना वाटायचं पोरगी किती जीव लावून काम करते. माझा जीव टांगणीला लागलेला असायचा. शंभरच्या आत असली की त्या दिवशी मी जेवायचे. एकशे ऐंशीची म्हणाले त्या दिवशी दुपारपर्यंत मी तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. संध्याकाळी परतीच्या गाडीत ते दिसले, पिशवी घेऊन, धडधाकट, तेव्हा मला रडूच आलं. "काय झालं ताई?" "काही नाही काका, परीक्षेचं टेन्शन."

आणि सगळ्यात भयंकर काय, तर ट्रॉली मोडत नव्हती. दिवस गेला की मला वाटायचं, सॉफ्टवेअरच चुकलं असेल. त्या पोकळ आशेवर मी आणखी एक दिवस काढायचे. लोखंड सांगत नाही. आतनं चीर वाढत असते आणि वरनं पिवळा रंग तसाच असतो. हे आम्हाला तिसऱ्या वर्षाला शिकवलेलं. मी पेपरात लिहिलंही होतं, आठ मार्कांना.

एकदा सांगायचंच असं ठरवून मी घरनं निघाले. गाडी हर्सूलला जेलच्या भिंतीपाशी ट्रॅफिकमध्ये अडकली. इंजिन बंद झालं, गाडीत शांतता झाली. मी म्हणाले, "काका, ती ट्रॉली जरा जपून वापरा."

"जपूनच की. का हो? काय झालंय का तिला?"

त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. डोळे स्वच्छ, साधे. तेवढ्यात कंडक्टर पास बघायला आला. मी पास दाखवला, तो पुढं गेला. मिस्त्री अजून माझ्याकडंच बघत होते. वाट बघत होते.

"काही नाही," मी म्हणाले. "असंच."

"तुमची गाडी म्हटल्यावर जपणारच की," ते म्हणाले आणि हसले.

मी स्वतःशी करार केला होता, लेटर आलं की त्याच दिवशी सांगायचं. एप्रिलमध्ये तोंडी परीक्षा झाली. बाहेरच्या परीक्षकांनी डावं पान बघितलं, उजवं पान बघितलं, "व्हेरी गुड" म्हणाले. गुरुवारी लेटर आलं. मी स्टँडवर उभी राहून ते मोबाइलवर चार वेळा वाचलं. शुक्रवारी सकाळी मिस्त्री शेजारी होते. आता कशाची भीती होती? कसलीच नाही. तरी मी बोलले नाही. निकाल लागू दे, असं मनात आलं. खरं तर गप्प बसायची सवय झाली होती, आणि एवढे दिवस का गप्प बसलात असं त्यांनी विचारलं असतं तर माझ्याकडं उत्तर नव्हतं. उतरताना ते म्हणाले, "शेठला नवीन काम मिळालंय. उद्या मोठी डाय चढवायची. सव्वातीनशेची." मी म्हणाले, "हो का?" एवढंच म्हणाले मी. हो का!

शनिवारी कॉलेजला सुट्टी होती. दिवसभर मी घरात कपाट आवरत बसले. फोन उशीखाली ठेवला होता.

सोमवारी गाडी आली. आमच्या नेहमीच्या सीटवर एक बाई आणि तिचं पोर बसलं होतं. पिशवी नव्हती. मी पुढं बघितलं, मागं बघितलं. शहर येईपर्यंत दांडी धरून उभीच राहिले. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, मागं जागा आहे की." मी दांडी सोडली नाही.

अकरा वाजता जोडीदाराचा फोन आला. "मिस्त्रींच्या पायावर डाय पडली. शनिवारीच. एकटेच होते. ट्रॉलीचे हात पट्टीपासनं साफ तुटून आले, मामू म्हणतात, चाकूनं कापल्यासारखे." मग ती थांबली. मला तिचा श्वास ऐकू येत होता. "तू मामूंना सांगितलं होतंस ना गं?"

मी फोन या कानावरनं त्या कानावर घेतला. तिनं फोन ठेवला. त्यानंतर आजपर्यंत ती माझ्याशी बोललेली नाही. पण तिनं मामूंनाही काही सांगितलं नाही. ते तिनं माझ्यासाठी केलं की स्वतःच्या घरासाठी, मला माहीत नाही.

मिस्त्रींना दवाखान्यातनं घरी सोडल्यावर मी त्यांच्या गावाला गेले. मेचं ऊन, अकराची वेळ. काय बोलायचं ते मी पाठ करून गेले होते, मुलाखतीसारखं. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, दारात शेळी बांधलेली. ते बाजेवर बसले होते, उजवा पाय उशीवर. पायाला पांढरी पट्टी होती, आणि ती जिथं संपायला पाहिजे त्याच्या बरीच आधी संपत होती. त्यांनी मला बघितलं आणि उठायचा प्रयत्न केला.

"या ताई, या! अगं, ताई आल्यात, च्या ठेव." आतनं भांड्याचा आवाज आला. "बसा. तुमचा निकाल लागला का?"

"काका, मी..."

"थांबा, मला बोलू द्या." त्यांनी मान खाली घातली. "तुमची गाडी मोडली माझ्याकडनं. लई वाईट वाटलं बघा. एवढी मेहनत घेतली तुम्ही. शेठला मी सांगितलंय, ताईंच्या हिशेबात चूक नाय, घासताना माझाच हात जड पडला. जास्ती घासली मी. आन् तुम्ही तर बोलल्या व्हत्या, जपून वापरा म्हणून. मीच मोठी डाय ठेवली."

"घासायला मी सांगितलं होतं काका."

"सांगितलं असंल. घासणारा मीच ना? तीस वर्सं वेल्डिंग करतोय, मला कळाया नको?" मग त्यांनी आवाज बारीक केला. "हे कुठं बोलू नका. तुमची नवीन नोकरी हाय. कंपनीत कुणाच्या कानावर गेलं म्हंजी? माझं काय, शेठ दवाखान्याचं बघतोय. पोरगा हाय. होईल कायतरी."

तो क्षण मी कधी विसरणार नाही. सगळं मिटलं होतं. त्यांनी स्वतःच मिटवलं होतं. मी नुसती मान हलवली असती, चहा प्यायले असते आणि पुण्याला गेले असते, तर कुणालाही कधी काही कळलं नसतं. आणि माझ्या मनानं तसंच करायचं ठरवलंही होतं, हे मी नाकारत नाही. पण त्यांचा हात त्या पट्टीवर होता, ते अर्धं बोट असलेला, आणि ते माझी समजूत घालत होते. मला ते सहन झालं नाही.

"काका, ती मोडणार हे मला माहीत होतं."

ते हसले. "आसं वाटतं मागनं."

"वाटत नाही. मी कॉम्प्युटरवर बघितलं होतं. शंभरच्या वर टाकलं की मोडणार, असं आलं होतं. मी कुणालाच सांगितलं नाही. माझी नोकरी जाईल म्हणून."

आत स्टोव्ह भरभरत होता. ते माझ्याकडं बघत राहिले. त्यांना समजायला वेळ लागला, किंवा समजून घ्यायचं नव्हतं.

"कधीपास्नं?"

"पेढे दिले त्याच्या दुसऱ्या... त्याच दिवसापासनं."

त्यांनी मनातल्या मनात महिने मोजले असावेत. ओठ हलले.

"म्हंजी रोज शेजारी बसत व्हत्या, तवा?"

"हो."

"कंची डाय, कंची डाय, आसं इचारायच्या, तवा?"

"हो, काका."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. शिवी दिली असती तरी चाललं असतं. त्यांनी पट्टीवरचा हात उचलला, उशी थोडी सरळ केली, आणि माझ्याकडं न बघता आतल्या खोलीकडं तोंड करून म्हणाले, "अगं, च्या राहू दे. ताईंना उशीर व्हतोय."